पाहुणा आणि उपरा

आतिथ्याच्या बाबतीत आम्ही महाराष्ट्रीय लोक स्वतःस कोणाहून कमी लेखीत नाही. उन्हातून आलेल्या मनुष्यास गूळपाणी द्यावे, जेवणाच्या वेळी कोणी दारी आले तर त्याला पानावर बसविल्यावाचून आपण घास घेऊ नये, ही शिकवण आम्हां बहुतेकांस आजीच्या तोंडून मिळालेली असते. तैत्तिरीय उपनिषदाने तर अतिथीस आई, बाप व आचार्य यांच्या पंक्तीस नेऊन बसविले आहे. आषाढात पालखीच्या वाटेवरील एखाद्या गावी ज्याने एक रात्र काढली असेल त्याला हा गुण केवळ पोथीतला नाही हे सांगावयास नको. अनोळखी वारकऱ्याचे पाय चेपणारी, त्याच्यासाठी पिठले-भाकरीच्या चुली रात्रभर पेटत्या ठेवणारी माणसे आम्ही प्रत्यक्ष पाहिली आहेत. परंतु या गुणास एक मर्यादा आहे, आणि ती आम्ही सहसा बोलून दाखवीत नाही. ज्याचा आम्ही एवढा आदर करितो तो वारकरी दुसऱ्या दिवशी पहाटे पुढच्या मुक्कामास निघणार असतो.

आम्ही ज्या चिखली गावात राहतो ते देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या काठी आहे. जुनी माणसे त्यास टाळगाव चिखली म्हणतात. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले व त्याने या पंचक्रोशीतील पुष्कळ जमीन संपादन केली; १९९७ साली गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले; आणि ज्या शिवारात ज्वारी-बाजरी डोलत असे तेथे कारखान्यांच्या शेडा, गोदामे व मजल्यांवर मजले चढविलेल्या इमारती उभ्या राहिल्या. मोरे वस्ती, म्हेत्रे वस्ती, जाधववाडी, कुदळवाडी ही नावे अजून मळ्यांची आठवण देतात. पण त्या वस्त्यांतील खोल्यांत लातूर, बीड, बुलढाणा येथली माणसे राहतात, आणि त्यांच्या शेजारच्या खोल्यांत उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड व ओडिशा येथली. मागे आमच्या वसाहतीच्या सभेपुढे असा एक ठराव आला की, परप्रांतीय एकट्या कामगारांस सदनिका भाड्याने देऊ नयेत. पाणी पुरत नाही, रात्री-अपरात्री ये-जा होते, कोण कोठला ते कळत नाही, ही कारणे पुढे आली, आणि ती अगदीच पोकळ होती असे म्हणवत नाही. आम्ही आतिथ्याचा मुद्दा काढला तेव्हा एक वयोवृद्ध सभासद, ज्यांच्या घरचा चहा घेतल्यावाचून त्यांच्या दारावरून कोणास पुढे जाता येत नाही, कळवळून म्हणाले, “अहो प्रोफेसर, पाहुणचाराला आम्ही कधी नाही म्हटलं आहे का? पण हे लोक राहायलाच येतात!” सभेत हशा पिकला व ठराव त्या दिवशी तहकूब राहिला. त्या सद्गृहस्थांनी सहज बोलताना प्रश्नाचे मर्मच सांगून टाकले होते, असे आम्हांस वाटते.

एक रात्र राहतो तो अतिथी, अशी व्याख्या मनुस्मृतीत दिली आहे. त्याच्याविषयीचा आमचा सारा धर्म त्या एका रात्रीपुरता आखलेला आहे. दुसऱ्या दिवशीही जो जात नाही, खोली शोधतो, बायकामुलांस आणतो, त्याच्यासाठी आमच्या भाषेत निराळे शब्द आहेत: उपरा, परका, आगंतुक. आमच्या जुन्या ग्रामव्यवस्थेत तर हा भेद जमाबंदीतच नमूद होता. ज्याची जमीन वंशपरंपरेची तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. उपऱ्याने नांगर धरावा, सारा भरावा. परंतु मिरासदाराचा मान व हक्क त्याला नसत. पाहुण्याला देव मानणारा गाव उपऱ्याला कुळ मानीत असे. या दोहोंत विसंगती आहे असे कोणास वाटलेही नाही.

या ठिकाणी आम्हांस ख्रिस्ती लोकांच्या धर्मविचाराची आठवण होते. आम्ही जन्माने वा मताने ख्रिस्ती नव्हे. इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा व्यवसाय पत्करल्यामुळे बायबल वाचणे क्रमप्राप्त झाले, व पुढे ते व्यवसायाखेरीजही वाचीत राहिलो. त्या ग्रंथात आतिथ्याची थोरवी आहे हे विशेष नव्हे. ती कोणत्या धर्मग्रंथात नाही? अब्राहामाने भर दुपारी तंबूच्या दारातून धावत जाऊन तिघा अनोळखी वाटसरूंस थांबविले व वासरू कापून जेवू घातले, ही उत्पत्तीतील कथा आमच्या कोणत्याही पुराणात शोभली असती. विशेष हे की, तो ग्रंथ पाहुण्यापाशी थांबत नाही. तो उपऱ्याचा विचार करितो.

हिब्रू भाषेत परक्या मनुष्यास दोन शब्द आहेत. व्यापारासाठी किंवा प्रवासात येऊन जो आपल्या देशी परत जातो तो ‘नोख्री’. आणि आपले गाव सोडून जो येतो, येथेच राहतो, परंतु ज्याला येथे वतन नाही व भाऊबंद नाहीत, तो ‘गेर’. आमचा उपरी तो हाच. मोशेच्या नियमशास्त्रात या गेराविषयी पुनःपुन्हा आज्ञा आहेत. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी, ही लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आज्ञा जगास ठाऊक आहे. त्याच अध्यायात थोडे पुढे तीच आज्ञा, त्याच शब्दांत, देशात येऊन राहिलेल्या परक्याविषयी दिलेली आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते.

ही प्रीती कशी करावी तेही शास्त्र सांगते, आणि ते सांगणे मोठे व्यवहारी आहे. पीक कापताना शेताच्या कडा सोडून द्याव्यात, खाली पडलेली कणसे वेचू नयेत. तो सरवा गरिबाचा व परक्याचा आहे. मजूर आपला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावी. सातव्या दिवसाची विश्रांती त्यालाही मिळावी. न्यायाच्या कामी घरच्यास एक आणि बाहेरच्यास एक असे दोन कायदे असू नयेत. रूथ ही मवाबी विधवा सासूबरोबर बेथलेहेमास आली ती असा सरवा वेचूनच जगली, आणि पुढे दाविद राजाची पणजी झाली. ठेकेदाराकडे दोन-दोन महिने मजुरी तुंबलेला एखादा वेल्डर जर हा ग्रंथ वाचील, तर त्याला आतिथ्याच्या उपदेशापेक्षा सूर्यास्ताचा तो नियम अधिक भावेल यात आम्हांस शंका नाही. राहावयास आलेल्या मनुष्यास लाडू नको असतो; हिशेब हवा असतो.

या सर्व आज्ञांस शास्त्र जे कारण देते ते आमच्या मते या विचाराचा प्राण आहे. परक्यावर दया करा, त्याने पुण्य लागेल, असे ते म्हणत नाही. मिसर देशात तुम्हीही परके होता, परक्याच्या जिवाला काय वाटते ते तुम्हांस अनुभवाने माहीत आहे, असे ते म्हणते. आणि त्याही पुढे जाऊन लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात देवाच्या तोंडी असा अर्थ येतो की, जमीन माझी आहे. तुम्हीही माझ्या घरी उपरेच आहात. म्हणजे यजमान आणि परका यांतील भेद मुळात पुढे-मागे येण्याचा. जो आधी आला तो स्वतःस मिरासदार समजतो, एवढेच.

हे वाचून चिखलीच्या जुन्या रहिवाशास राग येईल, आणि त्याचा राग आम्ही समजू शकतो. त्याची जमीन देवाने नव्हे तर सरकारने घेतली. मोबदल्यासाठी त्याने वर्षानुवर्षे खेटे घातले. आणि ज्यांस बोलविण्याविषयी त्याला कोणी विचारले नाही असे लाखो लोक त्याच्या नदीचे पाणी पिऊ लागले. ज्याच्यावर यजमानपण लादले गेले त्याला आतिथ्याचा उपदेश करणे सोपे असते, विशेषतः त्याच्या शेतावर उठलेल्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून. म्हणून आम्ही हा विचार त्याच्यापुढे ठेवीत नाही. तो आम्ही आमच्यासारख्यांपुढे ठेवितो, जे स्वतः कालपरवा आले आणि आज दार लावून घेऊ पाहतात.

कारण आम्हीही येथले नव्हे. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातून पोटामागे निघाले व पिंपरीच्या एका कारखान्यात लागले. राहावयास त्यांना चिखलीत एका शेतकरी बाईच्या वाड्यातली पडवी मिळाली. पहिल्या दिवशी तिने विचारले, “पाव्हणं, किती दिस ऱ्हानार?” वडील म्हणाले, “काय सांगावं, मावशी. गावाकडं काई उरलं न्हाई.” त्यावर ती म्हणाली, “मग तुमास्नी पाव्हणं कशापायी म्हनायचं? उद्यापास्नं आडावरची पाळी धरा.” वडील ही गोष्ट आयुष्यभर सांगत, आणि सांगताना पाळी या शब्दावर थांबत. त्या बाईने त्यांना जेवूही घातले असेल. ते त्यांच्या लक्षात राहिले नाही. आडावर पाणी शेंदण्याच्या क्रमात त्यांना एक जागा मिळाली, ओरडण्याचा हक्क मिळाला आणि दोर तुटला तर वर्गणी देण्याची जबाबदारी मिळाली, हे त्यांच्या लक्षात राहिले. पाहुण्यास पाळी नसते. जो राहणार आहे त्यालाच ती असते.

नव्या करारात हाच विचार एक पाऊल पुढे जातो. येशूचा जन्म उतारशाळेत जागा नसताना झाला व तान्हेपणीच त्याला घेऊन आईबापांस राजाच्या भयाने मिसर देशात पळावे लागले, असे लूक व मत्तय यांच्या शुभवर्तमानांतून समजते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाची जी कसोटी सांगितली आहे तीत भुकेल्यास अन्न, नागव्यास वस्त्र यांच्या बरोबरीने परक्यास घरात घेणे हे आहे, आणि न्यायाधीश म्हणतो की तो परका मीच होतो. परंतु आम्हांस सर्वांत मार्मिक वाटते ती लूकाच्या शेवटच्या अध्यायातील अम्माउसच्या वाटेवरील कथा. दोन खिन्न शिष्य एका अनोळखी वाटसरूस, सांज झाली आहे, आमच्याकडे राहा, असा आग्रह करून घरी नेतात. पानावर बसल्यावर भाकर हाती घेऊन मोडतो व वाटतो तो मात्र तो परकाच. आणि त्या क्षणी त्यांना तो कोण ते कळते. घर यजमानाचे आणि वाढणारा पाहुणा! परक्यास आत घेतले की कोण देणारा व कोण घेणारा हे आधी ठरविता येत नाही, असे या कथेचे सांगणे आहे. चिखलीतल्या ज्या घरांस झारखंडच्या गवंड्याने भिंती दिल्या व बिहारच्या सुताराने दारे बसविली, त्या घरांत बसून यजमान कोण याचा निकाल करणे खरोखरच अवघड आहे.

या विचाराची खूण पुढे एका शब्दात राहून गेली. ग्रीक भाषेत परक्या मुलखात उपऱ्यासारखे राहणे यास ‘पारोइकिया’ म्हणत. आरंभीचे ख्रिस्ती लोक आपल्या मंडळीस याच नावाने ओळखू लागले, कारण या जगात आपण वस्तीचे मालक नाही अशी त्यांची भावना होती. त्याच शब्दापासून इंग्रजीतला ‘पॅरिश’ हा शब्द आला. उपऱ्यांचा तळ हा त्याचा मूळ अर्थ. आणि त्याचा अर्थ काय झाला तर ठरलेल्या सीमेची, वहिवाटीची, पिढीजात कुटुंबांची धर्मपेठ! आपण उपरे होतो हे मनुष्य किती लवकर विसरतो याचे याहून चांगले उदाहरण कोशात सापडणार नाही.

आरंभीच्या त्या मंडळ्या भोळ्या होत्या असे मात्र कोणी समजू नये. ‘दिदाखे’ नावाची एक प्राचीन ख्रिस्ती आचारपुस्तिका आहे. तिचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टॅन्टिनोपल येथे सापडले व १८८३ साली छापले गेले. तीत सांगितले आहे की, वाटसरू आला तर त्याला शक्य ते साह्य करावे, परंतु त्याने दोन, फार तर तीन दिवस राहावे. राहावयाचेच असेल व हाती कसब असेल तर त्याने काम करून खावे. कसब नसेल तर तो रिकामा राहणार नाही अशी तजवीज मंडळीने विचारपूर्वक करावी. आणि त्याला हेही मान्य नसेल तर त्याच्यापासून सावध राहावे. आमच्या सभेतील शंकाखोरांचे समाधान व्हावे इतका सावधपणा यात आहे. फरक इतकाच की, त्या सावधपणाचा आरंभ दार उघडल्यानंतर होतो.

पुढे मंडळ्यांचे चर्च झाले, चर्च श्रीमंत झाले, आणि चौथ्या शतकात परक्यांसाठी व आजाऱ्यांसाठी मोठमोठी आश्रयगृहे निघाली. कैसरियाच्या बासिलाने उभारलेले आश्रयगृह फार प्रसिद्ध होते. हे कार्य मोठेच. परंतु त्याच शतकाच्या अखेरीस कॉन्स्टॅन्टिनोपलच्या योहान क्रिसोस्तोम या प्रख्यात वक्त्याने व्यासपीठावरून आपल्या श्रोत्यांस जो प्रश्न केला तो आजही सलतो. चर्चची धर्मशाळा आहे म्हणून तुम्ही सुटलात काय? पुजारी प्रार्थना करितात म्हणून तुम्ही प्रार्थना करावयाची नाही काय? प्रत्येकाने आपल्या घरात परक्यासाठी एक खोली ठेवावी, असे त्याचे म्हणणे होते. देणगीची पावती फाडून परका दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची सोय मनुष्यास पहिल्यापासून आवडते. आमच्या काळीही सज्जन लोक संस्थेस ब्लँकेटे देतात आणि खोली मात्र बंद ठेवितात. २०१३ च्या जुलैत पोप फ्रान्सिस लाम्पेदुसा या बेटावर गेले व समुद्रात बुडालेल्या निर्वासितांसाठी त्यांनी प्रार्थना केली. पुढे त्यांनी स्थलांतरितांच्या बाबतीत स्वागत, संरक्षण, उन्नती व समावेश अशी चार कर्तव्ये सांगितली. यांतील पहिले दोन पाहुण्याला पुरतात. पुढचे दोन उपऱ्यासाठी आहेत, आणि अडते ते तेथेच.

येथे वाचक आम्हांस थांबवून विचारील की, हा विचार एवढा थोर आहे तर त्याच्या अनुयायांनी आमच्याच मुलखात काय केले? प्रश्न रास्त आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात देवळे पाडली गेली व धर्मन्यायासन बसले, तेव्हा साष्टीतील लोक आपले देव उराशी घेऊन खाडीपलीकडे गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. ज्या अंत्रूज महालात त्यांना जागा मिळाली तो तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या अमलात होता. ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांनी माणसांस व देवांस परागंदा करावे आणि मुसलमान राजाच्या भूमीत त्यांनी आसरा घ्यावा, हा इतिहास झाकून ख्रिस्ती आतिथ्यविचाराची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि ज्या शास्त्राच्या आधारे आम्ही त्या सत्तेस दोषी ठरवितो ते शास्त्र तिच्याच हातात होते, हेही ध्यानात ठेवावे. शास्त्र विसरणारांस शास्त्राचेच शब्द आठवून द्यावे लागतात, आणि ही गोष्ट उपनिषद मानणाऱ्या आम्हांसही लागू आहे.

दुसरे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे, आणि ते आमच्याच जिल्ह्यातले आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० नंतरच्या दुष्काळात अन्नावाचून गेले. पोरकी रमा व तिचा भाऊ श्रीनिवास हिंदुस्थानभर पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. पुढे १८८३ साली त्या इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले व दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून सुमारे तीनशे अनाथ मुली व विधवा त्यांनी आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या, आणि दौंड तालुक्यात केडगावी मुक्तिसदनाच्या रूपाने त्यांना घर करून दिले. तेथे त्या मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलाच्या मराठी भाषांतराचे खिळे तेथल्याच स्त्रियांनी जुळविले. दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या परप्रांतातील मुलीकडे पाहून रमाबाईंस जे वाटले असेल ते दुसऱ्या कोणास वाटणे कठीण. परक्याचा जीव त्या जाणत होत्या. त्या स्वतः त्या रस्त्याने आल्या होत्या. लेवीयातील कारण एका जिवंत व्यक्तीत पाहावयाचे असेल तर ते येथे पाहावे.

पण याच रमाबाईंवर सदनातील मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविल्याचा आरोप आला व १८९३ साली रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादाचा निकाल आम्ही येथे करीत नाही. त्यातून निघणारा प्रश्न मात्र टाळता येत नाही: आश्रयाची किंमत मागता येते काय? भुकेल्याच्या होकारास होकार म्हणता येत नाही, असे आमचे मत आहे. आणि ज्या आतिथ्यात नकार देण्याची मोकळीक नाही ते आतिथ्य अपुरे आहे, मग ते कोणत्याही धर्माचे असो. परंतु हा दंडक लावावयाचा तर तो स्वतःसही लावावा. खोली भाड्याने देताना आम्ही आडनाव विचारतो, ताटात काय असते ते विचारतो, देव कोणता ते आडून विचारतो. धर्म बदला असे आम्ही म्हणत नाही. उत्तर पसंत पडले नाही तर खोली गेली, एवढेच सांगतो. हीदेखील किंमतच झाली.

असे असूनही या मुलखाने उपऱ्यांस सामावून घेतल्याची उदाहरणे थोडी नाहीत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया व मुले, राहत होते. सोव्हिएत सत्तेने त्यांना १९४०-४१ मध्ये घरांतून उठवून दूर नेले होते. त्या कॅथलिक लोकांस पंचगंगेच्या खोऱ्यात शाळा व प्रार्थनामंदिर मिळाले, आणि कित्येक दशकांनी त्यांतली मुले वृद्ध होऊन आपले बालपणीचे गाव पाहावयास कोल्हापुरास आली. ते तरी पाच वर्षांनी गेले. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेली जी कुटुंबे आमच्या शेजारी पिंपरीच्या छावणीत उतरली ती गेली नाहीत. त्यांनी दुकाने घातली, मुले वाढविली, आणि आज पिंपरीची बाजारपेठ त्यांच्यावाचून डोळ्यांपुढे आणता येत नाही. सत्तर-पाऊणशे वर्षांत छावणीचा बाजार झाला व निर्वासिताचा शेजारी झाला.

मग आजच्या उपऱ्याचे काय? २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सर्व व्यवहार बंद झाले तेव्हा या औद्योगिक पट्ट्यातील हजारो माणसे चालत गावी निघाली. त्यांनी आमच्या इमारती बांधल्या होत्या, आमच्या मोटारींचे सुटे भाग घडविले होते. परंतु महिनाभर काम नसताना येथे थांबता येईल असा विश्वास त्यांना वाटला नाही. त्याच वर्षी ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा कामगार मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्याच कुदळवाडीत महानगरपालिकेने हजारो अनधिकृत शेडा, भंगाराची गोदामे व लहान कारखाने जमीनदोस्त केले. आगी लागत होत्या, प्रदूषण होत होते, बांधकामे बेकायदा होती. कायदा आपले काम करील, व त्याने ते करावे. पण ज्या गोदामात मजूर काम करीत होता त्यातच तो रात्री झोपतही असेल, तर गोदामाबरोबर त्याचे घरही गेले. तो कोठे गेला हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत बसत नाही. जुन्या हिब्रू शास्त्राने तो नेमका कायद्यातच बसविला होता, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

आमच्या मते करावयाचे ते फारसे अवघड नाही. मनात आणणे मात्र अवघड आहे. मजुरी वेळेवर जावी. खोली देताना करारपत्र, ओळख, पोलिसांतील नोंद, जे विचारावयाचे ते अवश्य विचारावे, परंतु ते लातूरच्यास व रांचीच्यास सारखेच विचारावे. पाण्याच्या टाकीची वर्गणी त्याच्याकडून घ्यावी आणि सभेत त्याला बोलूही द्यावे. थोडक्यात, त्याला पाळी लावून द्यावी. वयोवृद्ध सभासदांच्या घरचा चहा त्याला मिळेलच, त्याची आम्हांस चिंता नाही.

चिखलीच्या पालिकेच्या शाळांत आज परप्रांतीय मजुरांची मुले मराठी मुळाक्षरे गिरवीत आहेत. आणखी तीस वर्षांनी त्यांतला एखादा येथे घरमालक असेल आणि त्याच्या दारी कोठून तरी आलेला नवखा मनुष्य खोली मागत उभा असेल. त्याला काय विचारावे, हे तो मुलगा आज शिकत आहे. त्याच्या बापास आम्ही काय विचारतो ते ऐकून.